जवारी, सावारी आणि त्सुरुता किन्शी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मी तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला बसलो होतो. या कामाला घाई चालत नाही. कारागीर घोडीवर बारीक कानस फिरवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे आणि पुन्हा कानस उचलायचे. चहा आला तेवढ्यात मी मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण लावले. वाद्य कुठले, देश कुठला, काही सांगितले नाही. चार-पाच आघात ऐकून ते म्हणाले, “जवारी लई उघडी ठेवलीया.” थोडे थांबून, “पण ही घोडीवरची न्हाई. दर पडद्याला येगळी बोलतीया.” मग त्यांनी विचारले, “वाजवणारा कोण?”

वाद्य जपानचे, नाव सात्सुमा बिवा, एवढे मी लगेच सांगितले. ‘वाजवणारा कोण’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मराठीत देताना मात्र अडखळलो. का, ते पुढे येईल.

त्यांचे निदान अचूक होते. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित उताराच्या माथ्यावरून जाते, तिच्याखाली सुताचा जीव सरकवला की ती माथ्याला अगदी निसटती शिवत राहते आणि त्या शिवण्यातून तो गुंजारव उमटतो. सतारीचेही तसेच. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद, हा फरक आपल्याकडचा साधा श्रोताही कानाने ओळखतो. सात्सुमा बिवाला हे सुख घोडीवर मिळत नाही. त्याचे पडदे म्हणजे मानेवर उभ्या केलेल्या उंच लाकडी भिंती. पडद्याचा माथा रुंद आणि सपाटसर असतो, आणि तो असा तासलेला असतो की दाबलेली तार त्या रुंदीवर घासत थरथरते. म्हणजे जवारी एक नाही. जितके पडदे तितक्या जवाऱ्या. जपानी भाषेत या थरथरीला ‘सावारी’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ स्पर्श, पण त्याला अडथळा या अर्थाचीही छटा आहे. आपण जवारी ‘काढतो’, ते सावारी ‘घेतात’. दोन शब्दांच्या नादसाम्यावर कुणी इतिहासाचे घर बांधू नये. मला तो मोह झाला होता, म्हणून सांगतो. साम्य नादात नाही, कानात आहे. स्वच्छ, नितळ स्वर हा अपुरा स्वर आहे, त्यात थोडी खरखर मिसळल्याशिवाय तो जिवंत होत नाही, असे मानणारे कान भारतात आहेत तसे जपानातही आहेत.

या पुस्तकाचा विषय असलेल्या त्सुरुता किन्शी या कलावंताची सगळी कारकीर्द मला या खरखरीची गोष्ट वाटते. सहसा ती ‘पूर्व-पश्चिम संगम’ या मथळ्याखाली सांगितली जाते. तो मथळा मला खटकतो, कारण ज्या रचनेमुळे हे नाव जगभर गेले, त्या रचनेत संगम नाहीच. पण आधी वाद्य.

बिवाचे कूळ जुने आहे. चीनमधून ‘पिपा’ या वाद्याच्या रूपाने ते जपानला पोचले. नारा शहरातल्या शोसोइन या आठव्या शतकातल्या भांडारात पाच तारांचा एक बिवा जपून ठेवला आहे. त्या प्राचीन घडणीचा जगात उरलेला तो एकमेव नमुना. आघात पडतात त्या जागी कासवाच्या कवचाची पट्टी आहे आणि तिच्यावर शिंपल्याच्या जडावकामात उंटावर बसून वाद्य वाजवणारा एक वादक कोरला आहे; वाद्य कुठल्या वाटेने आले, ते जणू त्यानेच लिहून ठेवावे! चार तारांच्या, वाकड्या मानेच्या प्रकाराचे मूळ इराणकडे आणि पाच तारांच्या, सरळ मानेच्या प्रकाराचे मूळ भारताकडे मानतात. आपली सरस्वतीही बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेली, बेन्झाइतेन झाली, आणि तिच्या हातातल्या वीणेच्या जागी बिवा आला. देवी बाई असूनही सात्सुमा बिवा मात्र दीर्घकाळ पुरुषांचे वाद्य राहिला, ही गंमत वाचकाने लक्षात ठेवावी.

सात्सुमा हा जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचा जुना प्रांत. सोळाव्या शतकात तिथल्या शिमाझू घराण्याने आपल्या सामुराई तरुणांना नीती आणि शौर्य शिकवण्यासाठी, अंध भिक्षू वाजवत तो बिवा जवळ केला, अशी परंपरा सांगते. वाद्य तुतीच्या कठीण लाकडाचे झाले, नखी हातपंख्याएवढी रुंद झाली. या नखीला ‘बाची’ म्हणतात. ती तार छेडून थांबत नाही, घसरत जाऊन वाद्याच्या छातीवर आदळते, त्यामुळे तार आणि ढोल एकाच हातातून बोलतात. 1868च्या मेइजी क्रांतीत सात्सुमाची माणसे आघाडीवर होती. ती राजधानीत आली तेव्हा त्यांच्याबरोबर हे वाद्यही टोक्योत आले आणि तिथे त्याची चलती झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागाता किन्शिन या कलावंताने त्याला शहरी, नजाकतीचा बाज दिला.

वाजवण्याची पद्धतही समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढच्या गोष्टीतला धक्का कळणार नाही. बिवा हे मुळात आख्यानाचे वाद्य आहे. शाहिराचा पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे चटकन उमजेल. विषयही तसेच, लढाया आणि मरणे. सर्वांत गाजलेला प्रसंग दान-नो-उराचा: 1185 साली समुद्रावर झालेली लढाई, ताइरा कुळाचा अंत, आणि आजीच्या कुशीत पाण्यात गेलेला बालसम्राट. फरक एवढाच की गाणारा ओळ म्हणतो तेव्हा वाद्य बहुधा गप्प असते. ओळ संपली की ते बोलते. शब्द जिथे थकतात तिथे बाचीचा घाव पडतो. म्हणजे मान गळ्याला. वाद्याला ओळींमधली जागा.

त्सुरुता किन्शी यांचा जन्म 1911 सालचा, जपानच्या अगदी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा. सातव्या वर्षी हातात बिवा आला. किशोरवयातच टोक्योत नाव झाले, शिकवण्याही सुरू झाल्या. त्या काळी बिवा म्हणजे करमणुकीतला चलनी शिक्का होता. त्याच 1911 साली जन्मलेल्या सुइतो किन्जो या दुसऱ्या बालकलावंताचेही नाव गाजत होते आणि दोघींची तुलना चालायची. सुइतो यांच्या नावाशी ‘निशिकी बिवा’ ही पाच तारांची, पाच पडद्यांची धाटणी जोडलेली आहे; पुढे त्सुरुतांनी आपल्या वाद्यात केलेले बदल त्याच दिशेने जाणारे आहेत. दोघींतल्या चढाओढीवर या पुस्तकात पुष्कळ पाने खर्ची पडली आहेत. मला ती थोडी कमी चालली असती.

मग लग्न झाले, मुले झाली, लग्न मोडले. वाद्य बाजूला पडले आणि कलावंताचा व्यावसायिक झाला. रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यात, नाइट क्लब चालवण्यात त्सुरुतांनी पैसा आणि दरारा दोन्ही कमावले. याच काळात केस आखूड झाले, वेश पुरुषी झाला आणि तो मरेपर्यंत तसाच राहिला. पुढे जगभरच्या रंगमंचांवर जी व्यक्ती दिसली ती पुरुषी किमोनो-हाकामा घातलेली, चष्मा लावलेली, करारी चेहऱ्याची.

इथे मराठी अडते. जपानी क्रियापदाला लिंग नसते. आपल्याकडे ‘आले’ की ‘आल्या’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. लेखिकेने मला हस्तलिखित पाठवले तेव्हा सोबतच्या पत्रात हाच पहिला प्रश्न होता. आदरार्थी रूपांत थोडी पळवाट आहे: ‘त्यांनी वाजवले’, ‘त्या काळी त्सुरुता वाजवत असत’ अशा वाक्यांत बाई की पुरुष ते झाकून जाते. मी जमेल तिथे ती वापरतो आहे. जमणार नाही तिथे ‘त्या’ लिहितो, कारण पुरुषांचे म्हटल्या गेलेल्या वाद्याला बाईच्या जन्माला आलेल्या माणसाने कुठे नेऊन ठेवले, हे झाकून चालणार नाही. शिष्य नुसते ‘सेन्सेई’, म्हणजे गुरू, म्हणत. ती भाषा सुखी.

युद्धानंतर बिवाचे दिवस फिरले. ज्या वाद्याने लढाया गायल्या, ते पराभूत देशाला नकोसे झाले, त्यात सिनेमा आणि रेडिओचे नवे गाणे. 1950च्या दशकात त्सुरुता परतल्या त्या अशा ओसाड अंगणात. माझ्या मते हेच त्यांच्या पथ्यावर पडले. मधली सगळी वर्षे परंपरेत घालवलेला कलावंत गुरूंचा, घराण्याचा, गुरुबंधूंच्या नजरांचा देणेकरी असतो. त्सुरुता कुणाचेच देणे लागत नव्हत्या. स्वतःच्या कमाईवर उभ्या होत्या. पडद्यांचा आकार बदलावासा वाटला, बदलला. चौथी आणि पाचवी तार एकाच स्वरात लावून नाद भरदार केला. कुणाची परवानगी मागायची होती?

याच सुमारास दुसऱ्या टोकाकडून एक माणूस बिवाकडे येत होता. तोरू ताकेमित्सु, जन्म 1930. युद्धाच्या शेवटी, शाळकरी वयात, सक्तीच्या कामावर असताना एका अधिकाऱ्याने चोरून लावलेली फ्रेंच गाण्याची तबकडी त्यांनी ऐकली आणि संगीतकार व्हायचे ठरवले. जपानी संगीताचा त्यांना तिटकारा होता; त्यात त्यांना युद्धाचा वास येत असे. संगीतरचना सुरू करून बरीच वर्षे झाल्यावर बुनराकू या बाहुलीनाट्यातले शामिसेन हे तंतुवाद्य कानांवर पडले आणि ते हादरले. आपल्याच घरातली वस्तू आपण पाहिलीच नव्हती! मग त्यांनी स्वतः काही काळ बिवाचे धडे घेतले.

गाठ पडली ती सिनेमामुळे. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ या चित्रपटात अंध बिवावादक होइचीची कथा आहे. दान-नो-उराच्या लढाईत मेलेल्यांची भुते त्याला रोज रात्री बोलावून आपल्याच मरणाचे आख्यान गाऊन घेतात. पडद्यावर बोटे दिसतात ती नाकामुरा कात्सुओ या नटाची, वाद्य त्सुरुतांचे. चित्रपटाला 1965 साली कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. संगीत ताकेमित्सुंचे. मला वाटते, इथेच त्यांना कळले असावे की आपल्याला गोष्टीची गरज नाही. ओळ संपल्यावर बाची पडते, तिथेच सगळे काही आहे.

1966 साली त्यांनी ‘एक्लिप्स’ ही रचना केली. बिवा आणि शाकुहाची, दोनच वाद्ये. शाकुहाची म्हणजे बांबूची उभी बासरी, झेन भिक्षूंची, आणि ती वाजवणारे होते योकोयामा कात्सुया. पारंपरिक संगीतात हे दोघे सहसा एका पंक्तीला बसत नाहीत. एक सामुराईंच्या वाड्यातला, एक मठातला. त्यांना शेजारी बसवणे हाच अर्धा बंडखोरपणा. उरलेला अर्धा त्याहून मोठा: बिवाचा गळा काढून घेतला. शब्द नाहीत, कथा नाही. लिपीसुद्धा पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी नव्हे, खुणांची.

आयुष्यभर आख्यान गाणाऱ्या माणसाला ‘तुम्ही गाऊ नका, ओळींमधले तेवढे वाजवा’ असे सांगणे म्हणजे कीर्तनकाराला निरूपण गाळून नुसती चिपळी धरायला सांगण्यासारखे आहे. दुसरे कुणी उठून गेले असते. त्सुरुता बसल्या. वय पंचावन्नच्या आसपास.

वाद्यवृंद-संचालक सेइजी ओझावा यांनी ‘एक्लिप्स’चे ध्वनिमुद्रण लिओनार्ड बर्नस्टाइन यांना ऐकवले. बर्नस्टाइन यांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या 125व्या वर्षाची तयारी सुरू होती, आणि ताकेमित्सुंना मागणी आली: ही दोन वाद्ये आणि आमचा वाद्यवृंद, यांसाठी काही लिहा. त्यांनी नागानोतल्या मियोता इथल्या डोंगरातल्या घरात मुक्काम हलवला. सोबत देब्युसीच्या दोन रचनांच्या प्रती होत्या. दोन्हीकडचे सूर जुळवण्याचा विचार जसजसा पुढे गेला तसतसे त्यांना उमगले की हे जुळत नाही, आणि जुळवूही नये. रचना तयार झाली ती या नकारातून. नाव ‘नोव्हेंबर स्टेप्स’. अकरावा महिना, अकरा पायऱ्या. जपानी संगीतातल्या ‘दान’ या टप्प्यांना दिलेला हा प्रतिसाद. पहिला प्रयोग 9 नोव्हेंबर 1967 रोजी न्यूयॉर्कला झाला.

त्या रात्रीची वये पाहा. वाद्यवृंद चालवणारे सेइजी ओझावा 32, योकोयामा 32, ताकेमित्सु 37. त्सुरुता 56. ‘आधुनिक जपानी संगीत’ म्हणून जे जगापुढे गेले, त्यात सर्वांत धीट आवाज सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा होता.

ऐकताना वाचकाने वाट पाहावी ती एकत्र येण्याची नव्हे. तंतुवाद्यांचे दोन तट डावी-उजवीकडे बसवले आहेत, मध्ये जागा मोकळी. वाद्यवृंद वाजतो, थांबतो. मग ते दोघे वाजवतात. बहुतेक वेळ एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. शेवटाकडे एक लांब टप्पा येतो, त्यात वाद्यवृंद पूर्ण गप्प आणि ही दोन माणसे एकटी, आपापल्या श्वासावर. लिहिलेल्या खुणांचा क्रम कसा लावायचा, हे बरेचसे त्यांच्यावर सोपवले आहे. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले, बिवा रागावला आहे. दहाव्यांदा ऐकताना कळले की तो अजूनही आख्यानच सांगतो आहे, फक्त ओळी कुणी म्हणत नाही. घाव पडतो, नंतरची शांतता ताणली जाते, तारेचा आवाज पडद्याच्या माथ्यावर घासत विझत जातो, आणि विझण्यातच त्याचे चार रंग होतात. पडद्यामागे तार दाबून स्वर वर ओढायची त्यांची पद्धत आपल्या मींडेच्या जवळची आहे, पण मींड गोड करते, ही कापते. 1967च्याच डिसेंबरात टोरंटोच्या वाद्यवृंदाबरोबर ओझावांनी ही रचना ध्वनिमुद्रित केली. सुरुवात त्या मुद्रणाने करावी. हेडफोन लावून ऐकू नये; खोलीत हवा लागते.

1967 हे साल आपल्यालाही ठाऊक आहे. त्याच जूनमध्ये रविशंकर अमेरिकेत मॉन्टेरेच्या महोत्सवात वाजवत होते. तुलना होते, पण नीट करायला हवी. रविशंकर आपले संगीत घेऊन गेले. 1971 साली त्यांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी रचना केली तीही स्वतःची, रागांतली. त्सुरुतांनी दुसऱ्याने लिहिलेले संगीत वाजवले आणि त्यात आपल्या परंपरेतले फक्त नाद नेले, चाली नाहीत. कुठला मार्ग मोठा, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. पण दुसरा मार्ग आपल्याकडे कमी मळला आहे, आणि तो का, यावर आपल्या मंडळींनी विचार करायला हरकत नाही.

जपानातही हा एकच मार्ग नव्हता. कोतो या आडव्या तंतुवाद्याने आधुनिक संगीतात शिरताना तारा वाढवल्या. मियागी मिचिओ या अंध कलावंताने 1921 साली सतरा तारांचा खर्जाचा कोतो घडवला. नोसाका केइको यांनी 1969 साली वीस तारांचा आणि 1991 साली पंचवीस तारांचा. साधारण विचार असा की नव्या संगीताला अधिक स्वर लागतात, तर वाद्याने ते द्यावेत. सावाई काझुए यांच्यासारख्या वादकांनी मग त्या वाद्यावर जगभरच्या संगीतकारांना लिहायला लावले. हे सगळे काम मोलाचे. बिवाला मात्र एवढे स्वर कुणी मागितलेच नाहीत. ताकेमित्सुंना हवा होता एक घाव आणि त्याची राख. पाश्चात्त्य वाद्ये घडवणाऱ्यांनी जी खरखर शतकानुशतके तासून काढली, तीच 1960च्या दशकातल्या नव्या संगीतकारांना हवीशी झाली होती, आणि बिवाने ती कधी टाकलीच नव्हती. आधुनिक होण्यासाठी त्सुरुतांना काही नवे चढवावे लागले नाही. गाणे उतरवावे लागले.

नंतर 1973 साली ताकेमित्सुंनी त्याच दोन वाद्यांसाठी आणि वाद्यवृंदासाठी ‘ऑटम’ लिहिले, तीन बिवांसाठी ‘व्हॉयेज’ लिहिले. ‘ऑटम’मध्ये वाद्यवृंद आणि ती दोघे पूर्वीपेक्षा जवळ सरकतात. पुष्कळांना ते अधिक परिपक्व वाटते. मला ‘नोव्हेंबर स्टेप्स’मधले अंतर जास्त आवडते, पण हा ज्याच्या त्याच्या कानाचा मामला.

पुस्तकाविषयी थोडे. लेखिकेने वाद्याची घडण, लाकूड, रेशमी तारा, बाची धरण्याची पद्धत यांवर लिहिलेले प्रकरण कुठल्याही भाषेत अभिमानाने मिरवावे असे आहे. धंद्याच्या वर्षांवरचे प्रकरण घाईत उरकले आहे. ती वर्षे नसती तर बाकीची वर्षे पुस्तक भरण्याजोगी झाली नसती, असे मी त्यांना म्हणालो आहे. आमचा खरा वाद शेवटच्या पानाबद्दल आहे. पुस्तक 1995 साली, त्सुरुतांच्या मृत्यूपाशी थांबते. मला ते पटत नाही. ‘नोव्हेंबर स्टेप्स’ एका माणसाच्या हातासाठी लिहिलेले होते, त्यामुळे तो हात गेल्यावर ते वाजवायचे कुणी, हा प्रश्न खरा होता. त्सुरुता-र्यूच्या, म्हणजे त्सुरुतांच्या घराण्याच्या, शिष्यांनी त्याचे उत्तर दिले. नाकामुरा काकुजो आणि तानाका युकिओ यांनी ती रचना मैफिलींत वाजवली, जुन्को उएदा यांनी हा बाज युरोपात नेला. त्यांची वादने ऐकली की खुणा त्याच, पण पडदे निराळे बोलतात, कारण प्रत्येकाची सावारी वेगळी. दुसऱ्या आवृत्तीत यावर एक प्रकरण यावे, असे मी लेखिकेला कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.